सजवलेला एडिटर आणि गेलेली लाईन

पुण्यातलं कंत्राट संपलं आणि मी मोताळ्याला घरी आलो. बायको इथल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. तिची बदली पुण्याला व्हायची नाही, म्हणून लग्न झाल्यापासून ती इकडे आणि मी तिकडे. आता घरून करता येईल अशी प्रोग्रामिंगची नोकरी लागली, की संसार एकदाचा एका छपराखाली येणार होता. पुण्यातल्याच एका कंपनीनं मुलाखत ठरवली, तीही घरबसल्या, कॉम्प्युटरवर. तयारीला वेळ भरपूर होता आणि तिथंच घात झाला.

म्हटलं, आधी हत्यार नीट करावं. आमचं हत्यार म्हणजे एडिटर, प्रोग्राम ज्याच्यात टाइप करतात तो. पेरणीच्या आधी तिफण पाहतातच की! एक एडिटर घेतला, तो टाकून दुसरा घेतला. मग रंग लावत बसलो. आधी काळा, मग निळसर काळा, मग डोळ्याला थंड लागतो म्हणे तो काळा. फॉन्ट निवडताना तर अशी चिकित्सा केली, की मुलगी पाहायला गेलो तेव्हाही एवढी केली नव्हती. बायको शाळेतून आली की मागे उभी राहायची.

"काल हिरवं होतं, आज जांभळं. प्रोग्राम कुठी हाय?"

"थांब न, बसवून राह्यलो."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं आयकलं होतं. तुमी तर नाचाचं सोडून अंगणच सारवून राह्यले!"

मला राग आला. या बाईला कलेतलं काय कळतं? त्याच तिरीमिरीत मी कीबोर्डची बटणंही बदलली. कंट्रोल दाबून डब्ल्यू दाबलं, की चुकलेला शब्द खटकन गायब. काय सांगू, असा छंद लागला की मी मुद्दाम चुकीचे शब्द टाइप करून पुसायचो.

मुलाखतीच्या दिवशी बायको शाळेत होती. समोर पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या मॅडम, बाजूला त्यांचा साधा पांढरा चौकोन. म्हणाल्या, "यातच लिहा." माझा एडिटर, माझा थंड काळा, सगळं बेकार. तरी लिहायला घेतलं. एक शब्द चुकला. बोटं सवयीनं गेली, कंट्रोल, डब्ल्यू. आणि मॅडमसकट सगळं गायब! ब्राउझरमध्ये त्याच बटणांनी उघडं पान बंद होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी पडद्याकडे पाहत बसलो.

फोन वाजला. मॅडमच होत्या. काळजीनं म्हणाल्या, "काय झालं? गावाकडे लाईट गेली का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. "हो ना मॅडम, लाईन गेली."

बिचाऱ्यांनी उरलेली मुलाखत फोनवरच घेतली. झकास झाली. काही दिवसांनी निरोप आला, निवड झाली! फक्त तुमच्याकडे विजेचा भरवसा नाही, तेव्हा घरून काम जमणार नाही, पुण्याच्या ऑफिसात रुजू व्हा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोला तरी खरं कुठे सांगितलं? तिलाही लाईनच सांगितली. तिनं माझी बॅग भरायला घेतली. पण आम्ही दोघं आठवडी बाजारात असताना आमचा लाइनमन भेटला, तेव्हा भाजीची पिशवी खाली ठेवून तिनं त्याला धरलंच.

"काऊन हो भाऊ, ऐन टायमाले लाईन काऊन घालवता? तुमच्यापायी आमच्या ह्यायले पुण्याले जा लागते!"

तो बिचारा गांगरला. "कोनत्या दिवशी ताई?" तिनं दिवस सांगितला. "नाही हो! त्या दिवशी तर लाईन दिवसभर चालू होती. मी सोता ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपाशी होतो न."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग सांगावंच लागलं. रंग, फॉन्ट, कंट्रोल, डब्ल्यू, सगळं. लाइनमन पोट धरून हसला. तीही हसेल असं मला वाटलं होतं.

"मले एकटीनं राहाचा लय कंटाळा आला हो," ती म्हणाली. "कवा बोलली नाही, एवढंच."

तिथंच, मेथीच्या ढिगापाशी, मी पुण्याला फोन लावला. भोवती दहा माणसं ऐकत होती, ऐकू दे म्हटलं.

"मॅडम, त्या दिवशी लाईट गेली नव्हती. ते पान मीच बंद केलं होतं."