झाकणाची खाच

चाळीस वर्षं मासे धरून कंबर मोडल्यावर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या सेंट आइव्हज गावातल्या डेन्झिल ट्रेगेन्झाने चित्रकार हेस्टरबाईंची चित्रं खोक्यात भरायचं काम धरलं. बाई होड्यांच्या कोठीवर बसवतात त्या जुन्या लाकडी झाकणांवर नुसते पट्टे आणि गोल रंगवत. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण झाकण उलटं ठेवलं की होडी बुडते, हे बंदरातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणून झाकणाची वरची बाजू दाखवणारी खाच खाली दिसली की तो गुपचूप ते फिरवी आणि खाचेच्या बाजूलाच टांगायची कडी ठोकी.

बाईंच्या मोठ्या प्रदर्शनात लोक माना डोलावताना पाहून तो पार गोंधळला. शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, तुमची चित्रं मी उलटी केलीत. वर्षानुवर्षं."

"ठाऊक आहे रे. पहिल्यांदा तुझा गळाच धरणार होते. मग नीट बघितलं, तर तेच बरं दिसत होतं. तेव्हापासून मी मुद्दाम खाच खाली ठेवूनच रंगवते. तू फिरवतोसच."

डेन्झिल डोकं खाजवत राहिला. "सगळी नाही हो फिरवली. परवाचं ते निळं... कंबर धरली होती, तसंच भरलं."

बाईंचा चेहरा पडला. सगळ्यात जास्त गर्दी त्या न फिरवलेल्या निळ्यासमोरच होती.