रश्मीच्या नावावरचा बदल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय शिताफीने टाळते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचं ऑफिस चौबे कॉलोनीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर. रस्त्यांच्या ठेकेदारांसाठी आम्ही निविदांची कागदपत्रं तयार करतो. तेव्हा सगळ्या फाइली एका सामायिक कॉम्प्युटरवर असायच्या आणि एक फाइल एका वेळी एकालाच उघडून लिहिता यायची. त्यामुळे दिवसभर हाका — "दीदी, वो फाइल आपने खोल रखी है क्या? बंद करो ना!" एकाच कागदाच्या 'फायनल', 'नवी फायनल', 'एकदम फायनल' अशा प्रती, आणि त्यातली खरी कोणती हे फक्त मला ठाऊक. साहेबसुद्धा माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे. गोंधळच होता, कळत होतं मला. पण त्या गोंधळात माझा भाव होता — आणि खरं सांगू? कधीकधी मी मुद्दाम फाइल उघडी ठेवून चहाला जायचे.

मग रश्मी आली. डोंगरगढची, मराठी घरातली पोट्टी. काही महिने काम बघून मग पक्की करायची, या बोलीवर घेतलेली. आल्या आल्या साहेबांना म्हणाली, कागद ऑनलाइन ठेवू, सगळे एकाच वेळी एकाच कागदावर लिहितील. साहेब म्हणाले, एक निविदा तशी करून पाहू, मग ठरवू.

मला शिकवायला ती स्वतः शेजारी बसली. "ताई, भेऊन काहून राहिल्या तुम्ही? इथं काही हरवत नाही. कोणी काय बदललं, ते नावासकट दिसते." चांगली होती हो ती — तेच तर खुपत होतं! उद्धट असती तर मी सरळ रागावले असते. पण हा हेवा होता. हाका थांबल्या. माझ्या टेबलाशी कोणी येईना. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून हसायचे आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नोकरी जाईल अशी भीती वाटत होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे. साहेबांनी मला कधीच काढलं नसतं.

एका दुपारी तिच्या आईचा फोन आला आणि ती बोलायला गच्चीवर गेली. बाकीचे आतल्या खोलीत जेवत होते. तिचा कॉम्प्युटर उघडाच होता. मी तिच्या खुर्चीवर जाऊन बसले — नुसतं बघायला? पण नुसतं बघणारं माणूस काय चिकटवायचं ते आधीच ठरवून ठेवतं का? ठेकेदाराच्या शपथपत्राचं पान होतं. ते पुसून मी तिथे जुन्या निविदेतलं, दुसऱ्याच ठेकेदाराचं शपथपत्र टाकलं. तेच पान का? कारण निविदा जाण्याआधी साहेब तेवढं पान स्वतः वाचतात, हे मला माहीत होतं. निविदा बुडावी असं मला वाटत नव्हतं. फक्त ती बुडावी.

साहेबांना ते सापडलंच. सगळ्यांसमोर विचारणा झाली. रश्मी जराही घाबरली नाही. आता दिसेलच, म्हणाली, आणि तिनेच बदलांची नोंद उघडली. तिथे तिचंच नाव होतं. ती पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, हे मी केलं नाही. तसं म्हणाली असती तर कदाचित मी — नाही. तरी मी बोलले नसते.

"मीच केलं असन, सर," ती म्हणाली. "मले आठवत नाही. पण नाव माह्यंच आहे."

तिला पाणी नेऊन दिलं ते मी. पाठीवर हात फिरवला तोही मी.

तिला पक्कं केलं नाही. आम्ही जुन्या कॉम्प्युटरवर परतलो आणि "दीदी, फाइल बंद करो" पुन्हा सुरू झालं. लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय ना? बरं वाटलं मला. छान भूक लागली त्या दिवशी.

पुढे ऑफिस ऑनलाइन झालंच, सगळीकडे होतं तसं. मी शिकलेसुद्धा. अवघड काहीच नव्हतं.

गेल्या दिवाळीआधी रश्मी मला सदर बाजारात भेटली. सोबत आई होती. "आई, ह्या त्या ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनीच मले सांभाळलं." आईने माझे हात हातात घेतले. रश्मी आता दुसरीकडे नोकरी करते. हसत हसत सांगत होती — तेव्हापासून दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय ती साधं पत्रसुद्धा पाठवत नाही. आपण काय केलं आणि काय नाही, याबद्दल तिला स्वतःचाच भरवसा वाटत नाही.

ती माझ्याकडे बघत होती. रस्त्यात गर्दी होती, पण ऐकू आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "चांगली सवय आहे."