आगळाची बरणी

माझ्या सासूबद्दल चांगलं बोल, असं मला कुणी सांगू नये. तेरा वर्षं मी त्या बाईच्या स्वयंपाकघरात राबतेय आणि तेरा वर्षांत माझ्या एकाही भाजीला तिने बरं म्हटलेलं नाही. सुंदराबाई तिचं नाव. पावसजवळच्या आमच्या वाडीत तिला सगळे अंगणवाडीच्या बाई म्हणतात. खरं तर ती तिथे मदतनीस होती. पण बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली म्हणून खाण्यापिण्यातलं सगळं आपल्यालाच कळतं, असं तिने ठरवून टाकलंय.

माझा नवरा केतन मुंबईला असतो. घरात आम्ही तिघं, ती, मी आणि आप्पा, माझे सासरे. गेल्या डिसेंबरात आप्पा अंगणात चक्कर येऊन पडले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, "किडनीवर परिणाम व्हायला लागलाय. गोळ्या देतो, पण मीठ तोडा. नाहीतर डायलिसिसची वेळ येईल."

सासूने ते मनावर घेतलं, हे मला कबूल करावं लागेल. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या सोनूबाईकडे गेल्या. पापड गेले. केतनने मुंबईहून येताना आणलेलं फरसाण तिने त्याच्या डोळ्यांदेखत कोंबड्यांना टाकलं. हर्णैहून तिची बहीण सुके बोंबील पाठवते, त्यावर हिचा जीव. तेसुद्धा हिने परत धाडले आणि आप्पांबरोबर स्वतः अळणी आमटी जेवायला लागली. दुकानात चष्मा लावून बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायची. मला तिचं कौतुक वाटलं असतं. पण तिने मिठाची बरणी कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. घरात होतं कोण? मीच की!

आणि इतकं करूनही बीपी उतरेना. मग एके सकाळी नळावर, वाडीतल्या सगळ्या बायकांसमोर, तिने तोंड सोडलं.

"हीच बाहेरनं मीठ आणून घालते गो चोरून! हिच्या जिभेला अळणी चालत नाय. म्हातारा मेला तरी हिला काय त्याचं?"

माझा हंडा अर्धाच भरला होता. तसाच उचलून मी घरी आले. त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. ही बाई आप्पांना काय काय देते ते बघूच म्हटलं.

तिसऱ्याच दुपारी सापडलं. जेवण झाल्यावर तिने फळीवरची चिनीमातीची बरणी खाली घेतली, अर्धा पेला कोकमाचं आगळ ओतलं, वर पाणी घातलं आणि आप्पांच्या हातात दिलं. आप्पांना पित्ताचा त्रास, म्हणून ती हे चाळीस वर्षं देत आलीय. मीही रोज बघत होते आणि मलाही सुचलं नव्हतं. ते आगळ मे महिन्यात आम्ही दोघींनीच घातलं होतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे मी, थराथरावर मीठ पेरायची ती. चांगलं मूठ मूठ भरून.

मी हे तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. आता ते झाकून काय उपयोग? डॉक्टरांकडे जायला पंधरा दिवस होते. म्हटलं, नळावर माझी लाज काढलीस ना, आता परक्या माणसासमोर तुझीही निघू दे. पंधरा दिवस तो पेला मीच विसळून पालथा घातला.

डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय काय खातात? सासूने धडा म्हणावा तसं सगळं म्हणून दाखवलं. मग मी गोड आवाजात म्हटलं, "आणि दुपारचं आगळ, आई?"

"ते काय खाणं हाय? पित्ताचं औषध ते."

"कसं करता?" डॉक्टरांनी विचारलं.

ती ऐटीत सांगायला लागली. "चांगले पिकलेले रातांबे घ्यायचे चार किलो. फोडायचे. त्याला मीठ किलोभर..." आणि तिथेच ती थांबली.

डॉक्टर नवा रिपोर्ट पुढे सरकवून म्हणाले, "गेल्या वेळेपेक्षा बिघडलंय. आजपासून ते बंद करा, म्हणजे पुढचं सांभाळता येईल. गेलेलं मात्र परत येत नाही."

मी जिंकले होते. पण बाकावर आप्पा सुजलेले पाय एकमेकांवर चोळत बसले होते, आणि त्यांच्याकडे मला बघवेना.

घरी आल्या आल्या तिने आगळाची बरणी खाली घेतली. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझा राग अजून गेला नव्हता. "पंधरा दिवस झाले," मी म्हणाले.

ती ओरडेल म्हणून मी तयारीत उभी होते. तिने पदराची गाठ सोडून किल्ली ओट्यावर ठेवली.

"मी न कळून पाजलं," ती म्हणाली. "तू कळून पेले विसळलेस."

मग जड बरणी कवेत घेऊन ती ओतून टाकायला मागच्या दारी गेली. मी धरायला पुढे झाले, तर म्हणाली, "हात लावू नको."

याला आठवडा झाला. किल्ली ओट्यावर तशीच आहे. तिने उचलली नाही, मीही नाही. तिघंही अळणीच जेवतो.