सगळ्यांनी इकडं बघा

माझ्या कॅमेऱ्याला पहिला मार बसला तो कांद्याचा. भूमच्या आठवडी बाजारात एक गडी आपल्या सख्ख्या भावाला तागडीच्या दांडीनं झोडपत होता. दोघं कांद्याच्या ढिगावर लोळत होते, भावाच्या कानातून रक्त येत होतं आणि मी फोटो काढत होते. त्यानं मला बघितलं आणि हाताला लागला तो कांदा फेकून मारला. लेन्सच्या कडेला पोचा आला. माझं डोकं असं फिरलं, की तोच कांदा उचलून मी त्याच्या कपाळावर परत मारला. नेम चुकला नाही. बाजार हसला. मग दोघं भाऊ मारामारी विसरून मिळून मला शिव्या द्यायला लागले. भांडण मिटवल्याचं पुण्य तेवढं माझ्या पदरात पडलं.

मी लग्नाचे फोटो काढते. स्टँडजवळ वडिलांचा स्टुडिओ आहे, ते गेल्यापासून मीच चालवते. लोक तोंडावर मला ‘फोटोवाली ताई’ म्हणतात, माघारी काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. लग्नात माझं खरं काम ओरडण्याचं. “सगळ्यांनी इकडं बघा! मामा, टोपी सरळ! काकू, पदर! हनुवटी वर!” ओरडून ओरडून माझा आवाज फाटला आहे. पण त्या आवाजात काहीतरी आहे खरं. मानपानावरून एकमेकांच्या उरावर बसायला निघालेले व्याहीसुद्धा तो ऐकला की शेजारी शेजारी उभे राहतात, पोट आत घेतात आणि हसतात. फोटो झाला की परत सुरू.

त्या खोट्या हसण्याचा मला वीट आला, म्हणून मी रस्त्यावर फोटो काढायला लागले. बाजाराच्या दिवशी स्टुडिओला कुलूप लावायचं आणि गर्दीत जाऊन उभं राहायचं. बोकडाच्या मानेवर सुरी टेकवलेला खाटीक. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया. पोराच्या कानाखाली वाजवून लगेच पदरानं त्याचं नाक पुसणारी आई. आमच्याकडं हात आधी उठतो आणि तोंड मागून येतं. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला बोलू? मारणारा माणूस कॅमेऱ्यासाठी मारत नाही. लग्नाच्या अल्बमात जे कधीच सापडलं नाही ते मला तिथं सापडायचं. फक्त माणसानं माझ्याकडं बघता कामा नये. बघितलं की फोटो वाया. कुणी बघून दात काढले की मी खेकसायची, “मी काय तुझी वरात काढतेय का? तुझं काम कर!”

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी स्टँडच्या कोपऱ्यावर रसाच्या गाड्यापाशी उभी होते. समोरून एक केसवाला चालला होता. हे लोक गावोगाव फिरतात. बायकांचे विंचरताना निघालेले केस घेतात आणि बदल्यात वाटी, डबा देतात, पोरांना फुगा देतात. आमच्याकडं घरोघरी भिंतीच्या फटीत केसांचं गुंतवळ खोचून ठेवलेलं असतं, ते यांच्यासाठीच. एका लहान पोरीनं घरचं गुंतवळ देऊन फुगा घेतला होता. तो फुटला, तशी दुसऱ्या फुग्यासाठी ती त्याच्या मागं मागं चालली होती. मी तिचेच फोटो काढत होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. त्या माणसाला तर पोर मागं आहे याचा पत्ताही नव्हता.

त्याच आठवड्यात पोरं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. कुठला होता देव जाणे, त्यातली भाषासुद्धा आपली नव्हती. पोरीच्या चुलत्यानं तिला परक्या माणसाच्या मागं जाताना बघितलं आणि बोंब ठोकली, “पोर पळवतोय! धरा त्याला!”

बघता बघता माणसं तुटून पडली. पहिली चप्पल तोंडावर बसली, मग लाथा. कुणीतरी त्याचं पोतं हिसकावून उलटं केलं. आतून बायकांचे केस पडले आणि गर्दीला चेवच आला. “बायांचे केस कापून न्हेतोय! करणी करतोय!” ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्याच केसांवर घेतलेल्या वाट्यांतून आमटी वाढली जात होती. पण त्या वेळी कुणाला आठवतंय! रसवाल्याच्या मोळीतले ऊस ओढून त्यांनी मारायला घेतले. केस रस्ताभर उडत होते, सांडलेल्या रसाला चिकटत होते, त्याच्या फुटलेल्या तोंडाला चिकटत होते. एकदा कडकन आवाज आला. मला वाटलं ऊस मोडला. ऊस नव्हता, त्याचा हात होता.

“अरे, पोरगी फुग्यासाठी मागं आली होती! मी बघितलंय!” मी जीव तोडून ओरडत होते. ऐकतंय कोण? आत घुसले तर कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं आणि तोंड रक्तानं भरलं. तेवढ्यात चुलत्यानं बसच्या चाकाला लावायचा दगड उचलला. केसवाला खाली पडला होता, एकाचा पाय त्याच्या छातीवर होता आणि दगड चुलत्याच्या डोक्याच्या वर गेला होता. आता हा मरणार, एवढंच मला कळलं.

“सगळ्यांनी इकडं बघा! हनुवटी वर!”

मी हे सुचून ओरडले असं लोक म्हणतात. काही सुचलं नव्हतं. तोंडाला जी सवय होती तेच बाहेर पडलं.

आणि त्यांनी बघितलं. गावातली अर्धी लग्नं माझ्या हातची, त्यांच्या मानेलाही सवय होती. एकानं शर्ट खाली ओढला. दुसऱ्यानं बोटांनी भांग सारखा केला. छातीवर पाय ठेवलेल्यानं पाय न काढता पोट आत घेतलं. चुलत्यानं दगड खांद्यावर टेकवला आणि चेहरा सरळ केला. मी बटण दाबतच राहिले.

मग एकेकाच्या लक्षात आलं, की हा मांडव नाही.

“सगळ्यांची तोंडं आलीत,” मी रक्त थुंकत म्हणाले. “पासपोर्टला चालतील अशी.”

दगड चुलत्याच्या हातून बाजूला पडला. माणसं मागं सरकली आणि बाजारात मिसळून गेली. रसवाल्यानं आणि मी केसवाल्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी चुलता स्टुडिओत आला. “ताई, माज्या लग्नाचा अल्बम तुमीच केलाय. त्यो फोटो काढून टाका.”

“टाकत नाही. पाहिजे तर त्याच अल्बमात घालून देते.”

त्यानं शोकेसवर लाथ घातली. काच फुटून माझ्या नडगीत घुसली. मी कॅमेऱ्याची तिवई उचलली तसा तो गेला. सकाळी मी सगळे फोटो पोलीस ठाण्यात देऊन आले. केस चालू आहे. त्यांच्या गल्लीतलं लग्न आता मला मिळत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तो फोटो मात्र मला छळत राहिला. मोठा करून बघितला तेव्हा दिसलं, की खाली पडलेला तोही कॅमेऱ्याकडंच बघत होता. एका डोळ्यात रक्त उतरलेलं, आणि धड असलेल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारत होता. मला त्याचा भयंकर राग आला. मरताना कोण केस सारखे करतं?

काही आठवड्यांनी तो स्वतःच आला, हात गळ्यात बांधलेला. “ताई, त्यो फोटो पायजे हुता.”

“कशाला? विसरा आता ते.”

“म्या मुद्दाम बघितलं हुतं. म्हणलं, आता काय वाचत न्हाय. आधारवरला फोटो माजा मलाच वळखू येत न्हाय. एक तरी नीट ऱ्हावा, बायकूला वळखू याया पायजे.” मग म्हणाला, “त्या लोकांस्नी काढून मला एकट्याला ठिवता येतंय का?”

बाकीचे काढता आले असते. पण छातीवरचा पाय काढला तर खालची छाती मी कुठून आणणार? म्हटलं, बसा, नवा काढू. त्याला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि म्हणाले, “इकडं बघा. हनुवटी वर.”

तो खाली कोसळला. स्टूल उलटलं. गुडघ्यात डोकं घालून त्यानं दोन्ही हात वर धरले, प्लास्टरचासुद्धा. ज्या शब्दांनी तो वाचला होता त्यांत त्याला अजून मारच ऐकू येत होता. मला रडू आलं, आणि रडू आलं की माझा स्वतःवर संताप होतो.

दिवे बंद केले. दारात खुर्ची टाकून दिली, चहा सांगितला आणि तोंड मिटून कोपऱ्यात बसून राहिले. तो चहा पीत रस्त्याकडं बघत बसला. परांड्याची बस मागं घेत होते, शेरडं आडवी येत होती, कंडक्टर शिट्टी फुंकून बेजार झाला होता. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मी आहे हे तो विसरला, तेव्हा मी फोटो काढला.

त्याला दाखवला. बराच वेळ तो बघत राहिला. “ह्यो म्याच हाय,” म्हणाला. मग स्क्रीनवर स्वतःच्या छातीवरून त्यानं हळूच अंगठा फिरवला. तिथं कुणाचा पाय नव्हता.