पान चारवर कोण आहे?

घरात नवी वस्तू आली की किस्से तिच्याबरोबर फुकट येतात. मिक्सर आला तेव्हा आले, इन्व्हर्टर आला तेव्हाही आले. पण मुकुलने पाठवलेल्या ई-बुक रीडरने जेवढे दिले, तेवढे माझ्या अख्ख्या नोकरीत जमले नाहीत. आणि नोकरी शाळेतली होती, म्हणजे बघा!

आधी आमची मंडळी सांगते. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या दुकानात मराठी पुस्तक मागितलं तर दुकानदार पंचांग काढून देतो. म्हणून आमच्या चौघांचा एक कट्टा आहे. मी शैला, शाळेत हिंदी शिकवून रिटायर झालेली, आणि यजमान गेल्यापासून घरात एकटी. शेजारच्या कुसुमताई. सिंचाई म्हणजे पाटबंधारे विभागातले गोपाळराव. आणि माझ्याच शाळेत भूगोल शिकवणारे मेश्राम सर, जे आता वारासिवनीहून बसने येतात. जो नागपूरला जाईल त्याने एक पुस्तक आणायचं आणि ते चौघांकडे आळीपाळीने फिरवायचं, असा नियम. रविवारी दुपारी माझ्या व्हरांड्यात बैठक. मधल्या दिवसांत कोणी ना कोणी पुस्तक द्यायला नाही तर न्यायला येतं, टेकतं, चहा घेतं. खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा मी त्या बेलचीच जास्त वाट पाहते.

*

मुकुल माझा एकुलता एक. हैदराबादला असतो. लहानपणापासून मी त्याच्याशी मराठीत बोलत आले, तो उत्तर हिंदीत देत आला, आणि आता कमावतो इंग्रजीत! आमचा फोन ठरलेला.

"आई, खाना खाया?"

"हो."

"दवाई?"

"घेतली."

"ठीक है, रखता हूँ."

भांडण नाही, रुसवा नाही. बोलायलाच काही उरलेलं नाही. भांडण असतं तर निदान फोन लांबला असता.

पार्सल उघडलं तर आत पहिलीच्या पाटीएवढं यंत्र निघालं. मुकुल म्हणाला, "मेरे ही अकाउंट पे है आई, जो किताब चाहिए ले ले." त्याची स्वतःची पुस्तकं आधीच त्यात होती. सगळी एकाच विषयावरची, यशस्वी कसं व्हावं!

मी म्हटलं, "इतकी घेतलीस? पहिल्याने गुण आला नाही का?"

तो हसला. फार दिवसांनी मला त्याचं हसू ऐकू आलं. मी आणखी काहीतरी बोलायला शोधत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "ठीक है, रखता हूँ."

*

पहिल्या रविवारी रीडर गोपाळरावांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, नीट मांडी घातली, जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं.

"अहो गोपाळराव, हे काय!"

"सवय आहे हो, पुस्तकांची नाही, फायलींची."

ओल्या बोटाने स्क्रीन जी बिथरली, ती पानामागून पानं पळायला लागली. कादंबरीतल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. रीडर थांबला तेव्हा तिची मुलगी दहावीला बसली होती!

गोपाळरावांनी बोट धोतराला पुसलं आणि म्हणाले, "आमच्या ऑफिसात असं मशीन असतं ना, तर कालवे केव्हाचे पूर्ण झाले असते."

*

या यंत्राच्या तळाशी किती टक्के वाचून झालं ते दिसतं. मेश्राम सरांना ते भलतंच आवडलं. एका रविवारी ते वाचता वाचता थांबले, रीडर खाली ठेवला आणि चिवड्याकडे वळले.

"का हो सर, आवडलं नाही?"

"आवडलं ना! तेहतीस टक्के झालं. पास झालो!"

त्यांच्या वर्गातली पोरं एवढ्यावरच खुश असायची, हे मला माहीत होतं. सरही त्यातलेच निघतील असं वाटलं नव्हतं.

*

कुसुमताईंची तऱ्हा वेगळी. त्या शेवटचं पान आधी वाचतात. "अवो, तो मेला का जगला हे आधी समजलं म्हणजे कसं, बीपी वाढत नाही!" रीडरमध्ये शेवटचं पान काही त्यांना सापडेना. बोटाने ढकलून ढकलून दमल्या. शेवटी यंत्र उलटं केलं आणि मागच्या बाजूला पाहिलं!

मागे कोरं काळं प्लास्टिक.

"मेला वाटते," त्या म्हणाल्या.

*

हसण्यावारी दिवस गेले, पण एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. बेल वाजेनाशी झाली. माझ्याकडे आता आणून द्यायचं पुस्तक नाही आणि माझ्याकडून न्यायचंही नाही. सगळं त्या पाटीत! सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे दिवस एकसारखे जायला लागले. मी चहा एकटीचाच टाकायला लागले. कधी सवयीने दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचे. जवळ एवढी पुस्तकं आयुष्यात कधी नव्हती, आणि घर एवढं गप्पही कधी नव्हतं.

मेश्राम सरांना फोन केला. "काहून येत नाही हो तुम्ही?"

सरांशी बोलताना माझीही जीभ त्यांच्या बोलीवर घसरते.

"येऊन काय करू मॅडम? तुमच्याजवळ सारं लायब्ररीच आहे. आमचं पुस्तक तुमाले काय लागते आता!"

मग मी ठरवलं, यंत्रच फिरवायचं. पुस्तक फिरतं तसं. सरांना म्हटलं, या आणि घेऊन जा. सर पुढच्याच बसने हजर! चहा झाला, गप्पा झाल्या, आणि रीडर पिशवीत घालून ते वारासिवनीला गेले. मी वाट पाहायला मोकळी झाले. वाट पाहायला काही असणं, हेही बरं असतं.

*

सर ठरल्या दिवसाच्या आधीच परत आले. रीडर टेबलावर ठेवला आणि जरा लांबच बसले.

"मॅडम, ह्याच्यात भूत आहे."

"काय झालं?"

"मी एका मराठी कादंबरीच्या चाळीस पानावर होतो. आमच्या प्रज्ञाने हे वायफायले जोडून देल्लं, अन् हे मले विचारून राह्यलं, शेवटचं वाचलेलं पान चार, तिथे जायचं का? मी काहून जाऊ चारवर? मी तं चाळीसवर आहो! काल पुन्हा विचारलं. काल पान पाच. म्हणजे ते भूतही वाचून राह्यलं, पण लय हळू!"

रविवारी चौकशी बसली. संशय कुसुमताईंवर.

"मी कशाले वाचू पान चार? मले शेवटच्याशी मतलब!"

गोपाळराव म्हणाले, "माझ्या बोटाने तर झालं नसेल?" आणि बोट मागे लपवलं.

शेवटी सरांनी प्रज्ञाला फोन लावला. ती त्यांची मुलगी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने स्पीकरवर सरळ सांगून टाकलं, "पपा, त्यात भूतबित काही नाही. एकाच अकाउंटवर दोन जण एकच पुस्तक वाचत असले की असं विचारतं. ज्याचं अकाउंट असेल, त्याच्या फोनमध्येही ते पुस्तक दिसतं."

फोन बंद झाला. अकाउंट कोणाचं, ते सगळ्यांना माहीत होतं.

मग गोपाळरावच म्हणाले, "पण मुकुलले मराठी कुठं येते?"

"अक्षरं तर हिंदीसारखीच असतात," मी म्हटलं. "सगळे शब्द येत नाहीत त्याला."

"म्हणूनच पान पाच," सर हळूच म्हणाले.

*

त्या दिवशी फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सध्या काय वाचतोस रे?"

"कुछ नहीं आई. टाइम कहाँ है!"

मी पुढे विचारलं नाही. कुसुमताई माझ्यावर चिडल्या. "सरळ विचाराचं ना त्याले, तूच वाचून राह्यला का म्हणून!" मी म्हटलं, नको. काही पाखरं आपण नुसतं वळून पाहिलं तरी उडून जातात.

मात्र त्यानंतर एक केलं. सरांनी आणून दिल्यापासून यंत्र मलाही विचारायचं "तिथे जायचं का?" आणि मी "नाही" दाबायचे. त्या दिवशी "हो" दाबलं.

पान सात उघडलं. त्यावर एका शब्दाखाली रेघ मारलेली होती. हिरमुसला.

या यंत्रात रेघेजवळ टीपही लिहिता येते. मी तिथे अर्थ लिहिला. "हिरमुसला म्हणजे तोंड पाडून बसला. बिस्किटांचा डबा रिकामा निघाला की तू बसायचास तसा."

फोनवर तो काही बोलला नाही. "खाना खाया?" "हो." पण पुढच्या वेळी पान नऊवर रेघ होती. चुळबुळ. मी लिहिलं, "एका जागी न बसणं. फोटो काढताना तू करायचास ती." त्याच्या पुढची रेघ 'ओशाळला'खाली. मग हुरहूर. हुरहुरीचा अर्थ लिहायला मला सबंध सकाळ लागली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

आता आमचा सगळा कट्टा यात अडकला आहे! बेल पूर्वीपेक्षा जास्त वाजते. गोपाळराव फाटकातूनच विचारतात, "कितवं पान?" मेश्राम सर टक्के विचारतात. "पाच टक्के? अजून लांब आहे पोरगा. पण पास होईन तो!" आणि कुसुमताई म्हणतात, "त्याले म्हणा, घाई करू नको."

फोन मात्र तसाच आहे. खाना, दवाई, रखता हूँ.

*

आणखी एक जुना किस्सा सांगते, म्हणजे पुढचा कळेल. मुकुल दुसरी-तिसरीत असेल. मी जेवणाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसले की तो मराठी शब्दांचे अर्थ विचारत यायचा. सुरुवातीला मला कोण आनंद, पोराला मराठीची गोडी लागली! मग एक दिवस तो आला आणि म्हणाला, "आई, चमचा मतलब?"

चमचा त्याच्या हातात होता!

मी पेन खाली ठेवलं. त्याला तेवढंच हवं होतं. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि पाय हलवत राहिला. अर्थ काही त्याने ऐकला नाही.

*

परवा दुपारी कुसुमताई बसल्या होत्या. यंत्राने विचारलं, "शेवटचं वाचलेलं पान एकतीस. तिथे जायचं का?" मी "हो" दाबलं. त्या पानावर एकाच शब्दाखाली रेघ होती.

खिडकी.

कुसुमताई वाकून पाहत म्हणाल्या, "अवो, हे तं हिंदीतही खिडकीच! एवढं येत नाही का त्याले?"

मी त्यांना म्हटलं, चहा तुम्ही टाका आज. मग पदराने चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं.

"खिडकी. भिंतीत असते. तिच्यातून उजेड येतो, वारा येतो, शेजारच्यांच्या फोडणीचा वास येतो. आपल्या मागच्या खोलीतली पावसाळ्यात फुगते आणि लागत नाही. तू तिला लाथ मारून लावायचास, मी आता खांद्याने लावते. समोरचा पेरू अजून आहे. या वर्षी पेरू बरेच लागले, खायला मी एकटीच. आणखी कुठला शब्द अडला तर विचार. मी इथेच बसले आहे."