फिलोमिना मॅडमच्या मौनाचा रीटेक

आज सकाळी आमच्या कॉलेजने फिलोमिना मॅडमसाठी दोनदा मौन पाळलं.

पहिल्या मौनाचा फोटो नीट आला नव्हता.

खोटं सांगत नाही. "सर्वांनी पुन्हा उभं राहा, बॅनर झाकला जातोय," असं चक्क माईकवरून सांगितलं. आणि आम्ही येडे पुन्हा उभे राहिलो.

फोटोवर तारीख आणि लोकेशन उमटायला लागतं म्हणे. कॉलेजला ग्रेड देणारी कमिटी आली की फाईलला लावायला. बाई गेल्या आठवड्यात गेली, आज फाईलच्या कामाला आली. लाज कोळून प्यायलेत साले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मॅडम आम्हाला बीबीएला बिझनेस एथिक्स शिकवायच्या. मालवणजवळचं, मिशनच्या ट्रस्टचं कॉलेज. प्रॉस्पेक्टसवर सोनेरी अक्षरात 'श्रद्धा, नीती आणि व्यवस्थापन'. वर्गात थोडी ख्रिश्चन पोरं, बाकी आम्ही मसुरे-कणकवलीकडचे.

माझ्या बाबांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ती बाई तुका प्रार्थना शिकवतली काय गो?"

प्रार्थना मॅडमनी एकदाही शिकवली नाही. त्यांनी कोंबडी शिकवली.

"आमच्यात नुसतं सॉरी चालत नाही," त्या म्हणाल्या. "चोरलेली कोंबडी घरात ठेवून कुमसाराला गेलात, फादरसमोर सगळं पाप कबूल केलंत, तरी काही उपयोग नाही. आधी कोंबडी परत द्यायची."

मागच्या बाकावरून योगेश ओरडला, "आणि खावन संपली आसली तर?"

"मगे इकत घेवन दी. आणि मोठी दी!"

सगळा वर्ग खो खो हसला.

पण प्रोजेक्ट तेच होतं.

आपल्या घरचा जो काही धंदा असेल, होमस्टे, मासळी, काजू, बोटिंग, त्यात आपल्याकडून कोणावर अन्याय झालाय ते शोधायचं. आणि त्या माणसाला भरून द्यायचं.

रिपोर्ट नाही, पीपीटी नाही. मॅडमच्या केबिनमध्ये जायचं आणि फक्त त्यांना सांगायचं. ते त्यांच्या पोटात राहणार. समोरच्या माणसाची गावभर चर्चा व्हायला नको, म्हणून.

किती जणांच्या घरी भांडणं झाली असतील, देवाला माहीत. आमच्या काजूच्या कारखान्यावरून मी बाबांशी बोलणंच टाकलं होतं. शेवटी एके दिवशी ते स्वतः उठले, चपला घातल्या आणि त्या माणसाच्या घरी गेले.

कोणाच्या, कशासाठी, ते इथे लिहिणार नाही.

मग कमिटी यायची ठरली आणि डायरेक्टरसाहेबांना पुरावे हवे झाले.

(डायरेक्टरसाहेब म्हणजे भर मे महिन्यात मालवणात ब्लेझर घालणारा माणूस. यावरून काय ते समजा.)

"मॅडम, ज्यांना भरपाई मिळाली त्यांचे फोटो लागतील. देताना, घेताना. पुरावा नाही म्हणजे ते झालंच नाही."

मी सहीसाठी दाराबाहेर उभी होते. मॅडम ऑफिसात नेहमी शुद्ध मराठी बोलायच्या. त्या दिवशी तोंडून मालवणी सुटलं.

"मगे कुमसाराकय कॅमेरो लावतल्यात काय, सर?"

अख्ख्या व्हरांड्याने ऐकलं.

पुढच्या टर्मला पेपर त्यांच्याकडून काढून घेतला. निवृत्त होईपर्यंत ती बाई पोरांना ईमेलच्या शेवटी 'विथ रिगार्ड्स' लिहायला शिकवत बसली.

आणि एथिक्सचं काय झालं?

एथिक्स वीक झाला! पुण्याहून मोटिव्हेशनल स्पीकर आला. गेटवर सेल्फी पॉईंट लागला, त्यावर लिहिलेलं 'मी प्रामाणिक आहे'. पोरं रांगेत उभी राहून प्रामाणिक झाली.

कपाळ माझं.

नंतर एकदा मॅडम शिरोड्याच्या बाजारात भेटल्या. मी विचारलं, राग येत नाही का हो तुम्हाला?

"येता गो. रोज येता. पण पोरांनी माका विश्वासान सांगितला, तां मी विकूचंय नाय."

एवढं बोलून त्या कोळंबीचा भाव करायला लागल्या.

तर आज. दुसरं मौन एकदाचं पसंत पडल्यावर ब्लेझरने घोषणा केली. मॅडमच्या नावाने 'एथिक्स सेंटर' निघणार. उद्घाटनाला फिल्म दाखवणार. त्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापलं प्रोजेक्ट आत्ताच्या आत्ता कॅमेऱ्यासमोर सांगायचं.

"कोणाला काय परत केलं, नावासकट सांगा. जरा इमोशनल ठेवा."

म्हणजे बाईने जिवंतपणी जे दिलं नाही, ते आता आमच्या तोंडून काढून घ्यायचं. तिच्याच फोटोला हार घालून.

माईक सगळ्यात आधी गेला तो नेमका योगेशकडे.

योगेश आता रिसॉर्टवाला आहे. शाळेत चार वह्या वाटल्या तरी त्याची रील येते, मागे ढोलताशे लावून. खरं सांगते, तो माणूस माझ्या डोक्यात जातो. तो बोलला असता तर मागून सगळे बोलले असते. आणि कुठल्यातरी वाडीतल्या, कधीतरी फसवल्या गेलेल्या माणसाचं नाव उद्या पडद्यावर झळकलं असतं. चहा-समोशासोबत.

योगेशने माईक घेतला. केसांवरून हात फिरवला. कॅमेऱ्याकडे बघितलं.

"तां मॅडमचां आणि आमचां. तुमका कित्याक सांगू?"

माईक टेबलावर ठेवला आणि सरळ बाहेर चालू पडला.

कॅमेरावाला डायरेक्टरकडे बघतोय, डायरेक्टर आमच्याकडे बघतोय. आम्ही एकेक करून उठलो आणि योगेशच्या मागे निघालो. मागच्या रांगेतली, मॅडमकडे फक्त ईमेल शिकलेली पोरंसुद्धा उठली.

मॅडम, कोणी तोंड उघडलं नाही.

निवांत झोपा.

देव बरें करूं.