दर रविवारी बुटका होणारा डोंगर

नाना डोंगराला दम द्यायचे. दर रविवारी सकाळी त्याचं चित्र काढायला फोल्डिंगची खुर्ची टाकून बसले, की पहिलं वाक्य ठरलेलं : "आरं, जरा थांबशील का नाय!" डोंगर थांबणार कसा? त्याला पोकलेन लागले होते. विमानतळासाठी नानांचं गाव तिथून आधीच उठलं होतं, आता गावामागचा डोंगरही सपाट होत होता. "मॉडेल बसत नाय हो," ते म्हणायचे, "दर आयतवारी बुटका होतंय."

नाना म्हणजे कामोठ्यातल्या आमच्या इमारतीचे मालक. पासष्टीला नातीच्या मोबाइलवर बघून ऑइल पेस्टल शिकले. ब्रश धरला की हात थरथरायचा, म्हणून खडू. "थापायचा न् बोटानं घोटायचा. घाबरायचा नाय," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. "रविवारी तरी सोफा मोकळा करा," असं बायकोने सुचवल्यामुळे मीही त्यांच्या शेजारी बसू लागलो. माझी पहिली शेळी त्यांनी चष्मा पुसून बघितली. मग म्हणाले, "स्कूटर झकास जमलीय."

उन्हात खडू मऊ पडायचे, चहाच्या कपावर बोटांचे ठसे उमटायचे, आणि मला शाळा बुडवल्यासारखी मजा यायची. हिरवा म्हणजे हिरवा, अशी माझी पन्नास वर्षांची समजूत. नानांनी एकाच उतारावर सात हिरवे दाखवले. आठवाही आहे म्हणायचे. पुढे नाना गेले; तो आठवा मी अजून शोधतोय.

हा डोंगर त्यांना मोठ्या बहिणीसाठी हवा होता. आक्का मोरा गावात दिलेली, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. लहानपणी नानांना कडेवर घेऊन तिने त्याच डोंगरावर शेळ्या चारल्या होत्या. तो तोडतायत हे कळल्यापासून तिचा एकच धोशा : "मना तो एकदा दाखव."

चित्र पुरं झालं, त्याच आठवड्यात डोंगरही संपला. मोऱ्याला न्यायच्या आधी नानांनी चित्र एका दिवसापुरतं माझ्याकडे ठेवलं. आता, आमच्या घरात जे जपायचं ते लॅमिनेट करायची पद्धत आहे : मार्कशीट, रेशनकार्ड, सासऱ्यांची कुंडलीसुद्धा. मी मोठ्या प्रेमानं चित्र झेरॉक्सवाल्याकडे नेलं. गरम रोलरमधून डोंगर बाहेर आला तो वितळून. सातही हिरवे एकात एक, वर आभाळ कालवलेलं.

नानांनी ते उलटं धरलं, सुलटं धरलं. "इकरं पन मशीन लावलीस?" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

दुसऱ्याच दिवशी कोरा कागद घेऊन त्यांनी मला मोऱ्याला नेलं. आक्काच्या खाटेशी बसून आठवणीतून डोंगर काढायला घेतला. मी मुकाट्यानं खडूंचे कागद सोलत होतो.

"नान्या, पायवाट तिकरं कशाला? इकरून जायचो आपुन!" आक्का पडल्या पडल्या कडाडली. "तू तं कडेवर. तुला काय दिसतंय?"

"कडेवर होतो म्हनूनच वरून दिसायचा!"

भांडत भांडत संध्याकाळपर्यंत डोंगर उभा राहिला. आक्काने तो उशाशी ठेवून घेतला.

पंधरा दिवसांनी गेलो, तर चित्रातली तांबडी पायवाट पुसट झालेली आणि आक्काचं बोट तांबडं. रोज पायथ्यापासून वरपर्यंत ते बोट फिरत होतं. मी, आता शहाणा झालेला, नानांना बाजूला घेऊन म्हणालो, "अशानं महिन्यात काही उरणार नाही. काच बसवून घेऊ या."

"नको," नाना म्हणाले. "काचेवरून तिला चढता येल का?"